शिनबाल्ड की बंद ग्रीव्ह? नडगीच्या चिलखताची निवड आणि माप

मध्ययुगीन युरोपातल्या योद्ध्याचा वेश उभा करणारे शिरस्त्राणावर महिनोन्‌महिने खल करतात आणि पायांसाठी मात्र 'ग्रीव्ह' या नावाने जे मिळेल ते मागवून मोकळे होतात. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक फक्त नडगी झाकते. दुसरी गुडघ्याखालचा अख्खा पाय पुढून-मागून बंद करते. दोन्हींचा काळ वेगळा, आणि मापाचा हिशेब तर त्याहून वेगळा.

नडगीपुरता असतो तो शिनबाल्ड. लांबट, किंचित गोलाई दिलेला एकच पत्रा, मागून पोटरीवर चामड्याचे पट्टे. तो लोखंडी कड्या गुंफून केलेल्या विजारीवरून बांधतात. तेराव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये चितारलेल्या एका प्रसिद्ध बायबलात गोलिएथ या धिप्पाड योद्ध्याच्या पायांवर असेच पत्रे दिसतात. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या स्टोक डॅबरनॉनच्या चर्चमध्ये चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली एक पितळी स्मृतिपट्टिका आहे. तिच्यात कोरलेल्या सर जॉन या सरदाराच्या नडग्यांवर पत्रे आहेत आणि त्यांच्या कडेने मागच्या कड्या स्पष्ट दिसतात. तुमचा वेश या काळातला असेल, तर शिनबाल्डच हवा.

बंद ग्रीव्ह चौदाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास रूढ झाली. तिचे पुढचे आणि मागचे असे दोन भाग असतात. बाहेरच्या बाजूला बिजागरी, आतल्या बाजूला बक्कल. १३७६ साली वारलेल्या ब्लॅक प्रिन्सचा, म्हणजे इंग्लंडचा राजपुत्र एडवर्डचा, कँटरबरीच्या कॅथेड्रलमधला समाधीवरचा पुतळा पाहा: गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय पोलादात पूर्ण बंद आहे. त्या काळचा छातीचा पत्रा घालून खाली शिनबाल्ड बांधलेला सरदार जाणकाराच्या नजरेला लगेच खटकतो.

शिनबाल्ड मापाच्या बाबतीत उदार आहे. वरचा पट्टा गुडघ्याच्या लगेच खाली, पोटरी फुगायला लागते त्याच्या वर बसला, की पत्रा घसरत नाही. हा पट्टा पोटरीच्या मधोमध आला, तर दहा पावलांत सगळे घोट्यावर येते. आत लोकरीचे किंवा जाड सुती अस्तर हवे, नाहीतर प्रत्येक फटका थेट हाडावर लागतो. बाकी तयार मापात घ्यायला हरकत नाही.

बंद ग्रीव्ह तयार मापात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली पोटरी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. बाहेरचा फुगवटा वर संपतो, आतला आणखी खाली उतरतो. घोट्याची हाडेही तशीच: आतले वर, बाहेरचे खाली. म्हणून चांगली ग्रीव्ह समोरून पाहिली तर हलकीशी वळणदार दिसते आणि डावी-उजवी अदलाबदल करता येत नाही. बाजारातल्या सरळसोट नळ्या यातले काहीच पाळत नाहीत. त्या घोट्यावर घासतात, मग लोक आत फोम कोंबतात आणि पाय हत्तीसारखा दिसू लागतो. ग्रीव्हचे सौंदर्यच मुळी ती पायाला चिकटून जाण्यात आहे.

मापे देताना खाली जे घालणार तेच कपडे अंगावर ठेवा आणि शक्यतो संध्याकाळी मोजा; दिवसभर उभे राहून पाय थोडा सुजलेला असतो. कारागिराला पायाचा प्लास्टरचा साचा देता आला तर उत्तम. पत्रा फार जाड मागू नका. मूळ चिलखतांतही पायाचा पत्रा छातीच्या पत्र्यापेक्षा पातळ असे, आणि त्याला कारण आहे. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी रॉयल आर्मरीज या ब्रिटनच्या शस्त्रसंग्रहालयातल्या प्रात्यक्षिककारांना पूर्ण चिलखतात ट्रेडमिलवर चालवले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चालण्याला लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त भरली. पायावरचे वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, हे त्यातले मोठे कारण.

चामड्यावर लांब लोखंडी पट्ट्या रिव्हेटने ठोकलेला तिसरा प्रकारही चौदाव्या शतकात होता. तो पायाच्या आकाराशी बराच जुळवून घेतो, पण त्याचा काळ आणि प्रदेश मर्यादित आहे; आपल्या वेशाच्या वेळचा पुरावा पाहूनच घ्यावा. आणि मापाच्या ग्रीव्हइतके पैसे जमले नसतील, तर साधा पायदळ सैनिक व्हा आणि नडग्या मोकळ्या ठेवा. तसे सैनिक भरपूर होते, आणि वाईट ग्रीव्हपेक्षा तो वेश इतिहासाला जास्त धरून आहे. प्रत्यक्ष झुंज खेळणार असाल, तर ज्या गटात खेळणार त्याचे सुरक्षेचे नियम मात्र आधी विचारा.

ग्रीव्ह हातात आली की आधी ती एकटीच घाला. पूर्ण उकिडवे बसा: मागची वरची कड पोटरीत रुतता कामा नये. मग टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा: मागची खालची कड टाचेच्या शिरेला टोचली, तर ती तिथे थोडी कापून बाहेर वळवून घ्यावी लागेल. पुढून जिना चढताना पाऊल वाकते तिथेही तेच तपासा. मांडीचा आणि गुडघ्याचा पत्रा त्यानंतर चढवायचा, कारण गुडघ्याखालची पाती ग्रीव्हच्या वरून यायला हवी.