पाण्याच्या गाठी आणि पेशीवरची पापणी

मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना आतून पेशींचे अस्तर असते आणि त्यातील बहुतेक पेशींच्या माथ्यावरून केसासारखा एकेक तंतू नलिकेच्या पोकळीत डोकावत असतो. ही प्राथमिक पक्ष्माभिका, म्हणजेच सिलियम. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस आणि लॅटिनमधील सिलियमचा अर्थही पापणीच, त्यामुळे आपला बोजड वाटणारा प्रतिशब्द प्रत्यक्षात चपखल आहे. तिची जाडी मिलिमीटरच्या सुमारे चार हजाराव्या भागाएवढी असते. श्वासमार्गातील पक्ष्माभिका सतत फटकारे मारत कफ वर ढकलतात. मूत्रपिंडातील ही मात्र स्वतःहून हलत नाही. शरीररचनाशास्त्रज्ञ झिमरमान यांनी १८९८ मध्ये तिचे वर्णन केले होते, तरीही पुढे कित्येक दशके ती उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष मानली गेली.

दोन्ही मूत्रपिंडांत द्रवाने भरलेल्या असंख्य गाठी वाढवणारा आनुवंशिक विकार (बहुपुटी मूत्रपिंड) ज्यांच्यातील दोषामुळे होतो, ती पीकेडी-१ आणि पीकेडी-२ ही प्रमुख जनुके अनुक्रमे १९९४ आणि १९९६ मध्ये सापडली. त्यांच्यापासून बनणारी पॉलिसिस्टिन प्रथिने पेशीत नेमकी कुठे काम करतात, याचा धागा मात्र भलत्याच ठिकाणी हाती लागला. १९९९ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीत पीकेडी-१ सारखे जनुक आढळले आणि त्याचे प्रथिन नर कृमीच्या संवेदी चेतापेशींच्या पक्ष्माभिकांत दिसले. पुढच्याच वर्षी क्लॅमिडोमोनस या एकपेशीय शैवालात शेपटीसारखे तंतू (पक्ष्माभिकांचेच भाऊबंद) घडवण्यास लागणारे एक जनुक हाती आले. उंदरातील त्याच्याशी जुळणाऱ्या जनुकात दोष असला की मूत्रपिंडात गाठी होतात आणि पक्ष्माभिका खुरटलेल्या राहतात. मूत्रपिंडविकाराचे कोडे शेवाळाने उलगडावे, ही मौज विज्ञानातच घडू शकते.

यावरून सरळ चित्र उभे राहिले: वाहत्या मूत्राने पक्ष्माभिका वाकते, पॉलिसिस्टिन कॅल्शियमला वाट देते आणि पेशीला प्रवाहाची जाणीव होते; ही जाणीव गेली की पेशी बेसुमार विभागतात. हे चित्र आकर्षक असले तरी पुढील प्रयोगांत ते डळमळीत झाले. विशेषतः २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरील निष्कर्ष मला सर्वांत बोलका वाटतो. पक्ष्माभिका शाबूत ठेवून केवळ पॉलिसिस्टिन काढले तर गाठी झपाट्याने वाढतात. पॉलिसिस्टिनबरोबर पक्ष्माभिकाही काढली तर त्या बऱ्याच सौम्य राहतात. म्हणजे गाठींची वाढ केवळ संवेदना हरवल्यामुळे होत नाही. पक्ष्माभिकेतून वाढीचा एक संकेत निघत असतो, पॉलिसिस्टिन त्याला लगाम घालते आणि लगाम सुटला की शाबूत पक्ष्माभिकाच गाठी वाढवते.

यकृतातील पित्तनलिकांच्या पेशींवरही अशाच पक्ष्माभिका असतात, म्हणून या रुग्णांच्या यकृतातही पुष्कळदा गाठी आढळतात. जपानमध्ये २०१४ आणि अमेरिकेत २०१८ साली या विकारासाठी मान्यता मिळालेले टॉल्व्हॅप्टन हे औषध मूत्रपिंडात व्हॅसोप्रेसिन संप्रेरकाचा परिणाम रोखून पेशीतील सायक्लिक एएमपी या गाठींच्या वाढीला चालना देणाऱ्या संदेशवाहक रेणूचे प्रमाण घटवते. त्यामुळे गाठींची वाढ मंदावते, थांबत नाही. पक्ष्माभिकेवरचा सुटलेला लगाम तसाच राहतो.