सारखं देणं आणि न्यायानं देणं

समानता आणि समन्याय हे शब्द सरकारी कागदांत जोडीनं येतात, आणि आपण दोन्हींचा अर्थ ‘सगळ्यांना सारखं’ असाच घेतो. सारखं वाटणं ही समानता. कोण कुठं अडलंय ते बघून त्याप्रमाणे देणं हा समन्याय.

उदाहरण आपल्या बेळगावचंच आहे. बाळंतिणीला अतिरक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. सगळ्या दवाखान्यांना ते सारखं पुरवलं की कागदावर काम झालं. पण ते थंड ठेवावं लागतं, टोचायला शिकलेला हात लागतो. खानापूरकडच्या जंगलातल्या गावात पाऊस धरला, वीज गेली आणि बाई घरातच बाळंत झाली, तर त्या सारख्या वाटपाचा तिला काय उपयोग?

नेमका हाच प्रश्न घेऊन 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 1620 बायकांवर अभ्यास झाला. इथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे संशोधक त्यात होते. बाळंतपण घरी किंवा उपकेंद्रात, हाताशी एएनएम सिस्टर, म्हणजे उपकेंद्राची नर्स. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. या गोळीला ना फ्रिज लागतो, ना सुई. रक्त नजरेच्या अंदाजानं नाही, खुणा केलेल्या प्लास्टिकच्या झोळीत मोजलं. अर्धा लिटर किंवा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण औषधाविना 12 टक्के, औषधानं 6.4. निकाल 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

गंमत अशी, की अभ्यासाच्या आत समानता अगदी काटेकोर होती. कुणाला कुठली गोळी, हे ओळख किंवा गरज बघून ठरलं नाही. तसं झालं असतं तर त्या 6.4 ला काही अर्थच उरला नसता. त्यामुळं ‘समानता म्हणजे वरवरची गोष्ट’ हे काही मला पटत नाही. समन्याय होता तो प्रश्न निवडण्यात.

भाषेचंही असंच. जिल्ह्यात किंवा तालुक्यात अल्पसंख्य भाषेचे लोक 15 टक्क्यांच्या वर असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, अशी तरतूद आहे. घरोघरी एकच कन्नड पत्रक वाटलं, तर वाटप सारखं झालं. मराठीत छापलं तर एक पायरी पुढं. पण बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या सासूला अक्षरओळखच नसेल, तर आशाताईनंच चुलीपाशी बसून सांगायला हवं: वार पडल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं, तर सकाळची वाट बघू नका.