वाळल्या बाभळीवरचा जीव

वैशाखात पाझर तलाव आटला की तळातल्या जुन्या बाभळी उघड्या पडतात. बीड जिल्ह्यातल्या आमच्या भागात हे जवळजवळ दर उन्हाळ्याचं दृश्य. तलाव बांधला तेव्हा त्या पाण्याखाली गेल्या, आता नुसते सांगाडे उरलेत. त्यांच्या फांद्यांना मुठीएवढे करडे, ठिसूळ गोळे चिकटलेले असतात. गाळ न्यायला आलेल्या एका मामांना मी विचारलं, हे काय असावं?

‘‘शेवाळ हाय वाळलेलं, सर. हात नका लावू, खाज सुटती.’’

खाजेचं मामांचं अगदी बरोबर. पण ते शेवाळ नव्हे, तो प्राणी आहे. गोड्या पाण्यातला स्पंज.

स्पंज म्हटलं की समुद्रच आठवतो, आणि ते साहजिक आहे. जगात स्पंजांच्या 9,000 हून अधिक जाती माहीत आहेत, त्यांतल्या गोड्या पाण्यात राहणाऱ्या जेमतेम अडीचशेच्या आसपास. पण त्या मूठभर जातींनी तळी, नद्या, धरणं, विहिरी सगळीकडे घर केलंय.

गोळ्याचा चिमूटभर चुरा पांढऱ्या कागदावर घेतला आणि आधी साध्या भिंगातून, मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चुरा म्हणजे काचेच्या असंख्य सुया! दोन्ही टोकांना अणकुचीदार, मधे किंचित वाकलेल्या. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून हा प्राणी आपल्या पेशींमध्ये या सुया, म्हणजे कंटिका, घडवतो आणि स्पाँजिन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना जोडून घराचे वासे उभे करतो. खाज सुटते ती या सुया कातडीत रुतल्यामुळे. (तो हात डोळ्यांना लावू नका.) ॲमेझॉनच्या खोऱ्यातले कुंभार पूर्वी हाच स्पंज मातीत कालवत, म्हणजे मडकं चिवट होई.

जिवंत स्पंज बघायचा तर पावसाळ्यानंतर बारवेत उतरावं. पाण्याखालच्या पायरीच्या कडेला खडबडीत पिवळट किंवा हिरवट थर दिसला, तर ड्रॉपरनं शाईचा एक थेंब हलकेच त्याच्याजवळ सोडायचा. शाई थराजवळ जाते, नाहीशी होते आणि थोड्या वेळानं एखाद्या मोठ्या भोकातून बारीक धार होऊन वर येते. स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट यांनी 1825 साली भिंगाखाली स्पंजातून अशीच धार उसळताना पाहिली आणि हा प्राणी असल्याचं ठासून सांगितलं. पुढे एडिंबरात तरुण डार्विन याच ग्रँट यांच्यासोबत समुद्रकाठी जीव गोळा करत हिंडला.

पाणी खेचतं कोण? स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, एकही चेतापेशी नाही. आतल्या लहान लहान कोठ्यांमध्ये कॉलर पेशी बसलेल्या असतात. प्रत्येकीला चाबकासारखी एक शेपटी आणि तिच्याभोवती बारीक धाग्यांची गाळणी. शेपट्या हलल्या की पाणी वाहतं आणि जिवाणू गाळणीत अडकतात. तेच अन्न. नेमकी अशीच रचना पाण्यातल्या काही एकपेशीय जीवांमध्ये दिसते. कोअॅनोफ्लॅजेलेट हे त्यांचं नाव, आणि जनुकं तपासल्यावर तेच समस्त प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातलग ठरले. आपलेसुद्धा. सुट्या पेशींनी एकत्र संसार कसा थाटला असेल, हे समजून घ्यायला संशोधक वारंवार स्पंजाकडे वळतात ते यामुळे.

या संसाराचा सर्वांत थक्क करणारा प्रयोग 1907 सालचा. अमेरिकेतल्या हेन्री व्हॅन पीटर्स विल्सन यांनी समुद्री स्पंजाचे तुकडे रेशमी कापडातून पिळून काढले. पलीकडे आली ती सुट्या पेशींची गढूळ रबडी. त्या पेशी सरपटत एकमेकींना शोधत गेल्या, चिकटल्या, आणि त्यांचा पुन्हा स्पंज झाला. पुस्तकं याला ‘साध्या रचनेचा’ प्राणी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही.

आपल्या स्पंजांचा अभ्यास मुंबईत फार लवकर सुरू झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर हेन्री कार्टर यांनी 1840 च्या दशकात तिथल्या तळ्यांमधले स्पंज बारकाईनं पाहिले. भारतात सर्वत्र आढळणारी युनापियस कार्टेरी ही जात त्यांच्याच नावाची.

कार्टर यांनी स्पंजातल्या बियांसारख्या कणांवरही लिहिलं. आमच्या मुलखात सगळा खेळ या कणांचा आहे. बाभळीवरचा गोळा फोडला की आत पिवळसर-तपकिरी दाणे दिसतात, खसखशीहून बारीक. हे जेम्यूल. पाणी आटू लागलं की स्पंजातल्या काही पेशी अन्नसाठा भरून घेतात, गोल गोळा होऊन बसतात आणि भोवती जाड कवच चढतं. अनेक जातींच्या कवचात हवेच्या कप्प्यांचा थर असतो, त्यामुळे पाणी आलं की जेम्यूल तरंगत दूर जातात. एका बाजूला बारीक दार. बाकीचा स्पंज मरतो, सुयांचा सांगाडा उरतो आणि त्यात जेम्यूल ऊन झेलत पडून राहतात. 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षीही जेम्यूल तग धरू शकतात. पक्ष्यांच्या पायांना चिकटून ते दुसऱ्या तळ्यावर पोचतात. मामांच्या ट्रॅक्टरमधून गाळाबरोबर शेतातही गेले असतील.

मी दहा-बारा दाणे काचेच्या बशीत बारवेच्या पाण्यात ठेवले होते. तीन दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी सकाळी एका दाण्याच्या दारातून पांढुरकी साय बाहेर पसरलेली दिसली, नखाच्या टोकाएवढी. आठवडाभरात तिच्यावर धुराड्यासारखी पारदर्शक नळी उभी राहिली. मी शाई सोडली. नळीच्या तोंडातून निळी रेघ वर चढली.