मेर्त्सन: नाव मार्चचं, रंग उसना

ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या बिअर-उत्सवाची बिअर म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे तांबूस, तांब्याच्या नव्या भांड्यासारखी बिअर येते. तिचं नाव मेर्त्सन. जर्मनमध्ये मार्च महिन्याला मेर्त्स म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. नाव चारेकशे वर्षं मागे नेता येतं. रंग मात्र एकोणिसाव्या शतकातला, आणि त्यामागचं तंत्रही बवेरियाचं, म्हणजे म्युनिक ज्यात आहे त्या दक्षिण जर्मन प्रांताचं नव्हे.

1553मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने बवेरियात उन्हाळ्यातल्या बिअरनिर्मितीवर बंदी घातली. 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची. कारण साधं होतं: उन्हाळ्यात आंबवलेली बिअर बिघडायची. जंतू म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण आंबट झालेलं पिंप सगळ्यांनी पाहिलं होतं. मग मार्चमध्ये जास्त माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) आणि जास्त हॉप्स (कडूपणा देणारी फुलं) घालून कडक बिअर करायची आणि ती तळघरात भरून ठेवायची. आपल्याकडे पावसाळ्याआधी बेगमी करतात तशी ही उन्हाळ्याची बेगमी. थंडीत मुरवलेल्या अशा बिअरला ‘लागर’ म्हणतात, त्या शब्दाचं मूळही ‘साठवणं’ हेच. म्युनिकमध्ये इजार नदीकाठी ही तळघरं होती. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत भरायचा, वर सावलीसाठी चेस्टनटची झाडं लावायची. पुढे त्याच सावलीत बाकं आली आणि बिअर गार्डन जन्माला आली. थंडीत सावकाश काम करून तळाशी बसणारं यीस्टही या सक्तीमुळेच तिथे टिकलं.

ही जुनी मार्चची बिअर मात्र गडद तपकिरी होती. मोड आलेलं जव भट्टीवर वाळवताना एकसारखं, बेताचं भाजणं कठीण जायचं. ते जमलं इंग्रजांना.

1833मध्ये म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेहर हे दोन तरुण ब्रिटनमधल्या ब्रुअऱ्या पाहत हिंडले. ब्रुअरी पाहायच्या निमित्ताने आत शिरायचं आणि नजर चुकवून पोकळ काठीत नमुना भरून घ्यायचा, असा उद्योग त्यांनी केला. सरळ चोरीच, पण बिअरच्या इतिहासातली बहुधा सर्वांत फलदायी. धूर लागू न देता गरम हवेवर माल्ट वाळवायची पद्धत आणि द्रवातली साखर मोजायचं साधन, हे दोन्ही त्यांनी नीट समजून घेतलं. 1841मध्ये ड्रेहरने तांबूस व्हिएन्ना लागर काढली. पुढच्याच वर्षी बोहेमियातल्या (आजच्या चेकियातल्या) पिल्झेनमध्ये योझेफ ग्रोल या बवेरियन माणसाने सोनेरी बिअर केली, आणि तिने पुढे सगळ्यांनाच झाकोळून टाकलं.

ऑक्टोबरफेस्ट 1810 सालच्या राजपुत्र लुडविगच्या लग्नापासूनचा, पण तांबूस मेर्त्सन तिथे गाजली ती 1872मध्ये. सांगतात की उन्हाळा कडक होता, शॉटेनहामेलच्या मंडपातली बिअर संपली, तेव्हा गाब्रिएलचा भाऊ योझेफ याने व्हिएन्ना धर्तीवर केलेली आपली कडक बिअर पुढे केली. महाग असूनही लोकांनी ती उचलून धरली. याच दशकात कार्ल फॉन लिंडेचं शीतयंत्र आलं, तेही श्पाटनच्याच पाठबळाने. मार्चची सक्ती तिथेच निरर्थक झाली. नाव तेवढं चिकटून राहिलं.

आज घरी मेर्त्सन करू पाहणारे बरेचजण इथेच फसतात. रंग तांबूस हवा म्हणून कॅरॅमल माल्ट ओततात आणि हाती गोडमिट्ट पेय येतं. खरा स्वाद म्युनिक आणि व्हिएन्ना माल्टचा: पावाच्या खरपूस कवचासारखा, आणि शेवट कोरडा. जुने लोक शिजणाऱ्या माल्टचा काही भाग बाजूला काढून उकळायचे आणि परत मिसळायचे. थर्मामीटर नसताना तापमान चढवायची ती युक्ती होती, खरपूसपणा वर मिळायचा. साधारण 10 अंशांवर आंबवायचं, मग शून्याच्या आसपास काही आठवडे ठेवायचं. इथे घाईला जागा नाही.

1970च्या दशकात म्युनिकच्या पाउलानर ब्रुअरीने भरपूर पिता येईल अशी फिकट बिअर काढली आणि हळूहळू मंडपांतून तांबूस रंग गेला. आता म्युनिकच्या सहा ब्रुअऱ्यांची सोनेरी बिअरच तिथे मिळते. तांबूस मेर्त्सन बाटल्यांत भरून अमेरिकेला जाते, लेबलवर ‘ऑक्टोबरफेस्ट’ लिहून.