नेम आणि सवय, फरक काय?

रोज पहाटे पर्वती चढायचं ठरवतात आणि महिनाभरात गळतात ना, त्यातले कितीतरी जण म्हणतात "मला सवयच लागत नाही". मला वाटतं ते नेमालाच सवय समजून बसलेले असतात. आपल्या भाषेत फरक स्पष्ट आहे बघा, नेम आपण धरतो आणि मोडतो, सवय मात्र लागते नाहीतर सुटते. नेमात रोज नव्याने ठरवावं लागतं, डिसेंबरात पांघरूण बाजूला सारताना स्वतःशी भांडावं लागतं, सवयीत ठरवायचं काही उरतच नाही, दात घासायचे की नाही यावर कोण विचार करतं?

त्यात ते '२१ दिवसांत कुठलीही सवय लागते' हे खूळ. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर नवीन चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला कमीत कमी २१ दिवस लागतात, लोकांनी 'कमीत कमी' गाळलं आणि तेच सगळ्या सवयींना लावलं. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला तेव्हा सरासरी ६६ दिवस आले, कुणाला १८ पुरले तर कुणाचा पुढचा अंदाजे हिशोब पार २५४ पर्यंत गेला. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही हेही दिसलं, मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण एक खाडा पडला की "गेला नेम" म्हणून आपण सगळंच सोडून देतो.

सवय लागते ती खुणेने. "वेळ मिळेल तेव्हा जाईन" यात खूणच नाही. पहिला चहा झाला, कप ठेवला की शूज घालायचे, एवढंच बांधून घ्या. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागायचा तो लागणारच, तिथे नेमच कामाला येतो, पण शूज घालून दाराबाहेर पडणं नक्की सवयीवर सोपवता येतं.

सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगेन. मन लावून वाचणं आपोआप कधीच होणार नाही, त्याची वाट बघू नका, ते रोज ठरवूनच करावं लागेल. पण सातला अभ्यासिकेत जाऊन बसणं, बसल्या बसल्या फोन बॅगेत टाकणं आणि कालच्या पानापासून वही उघडणं, हे मात्र सवयीचं होऊ शकतं, अगदी दोन-तीन महिने लागले तरी.