मुलगा, मुलगी आणि म्हातारपणीचं मन

मुलगा म्हणजे म्हातारपणची काठी, असं पिढ्यानपिढ्या ऐकत आपण वाढलो. ही काठी खरंच आधार देते का आणि मुलीचा आधार त्याहून कमी असतो का, आणि त्यामुळे म्हातारपणी आईबापांच्या मनावर काय परिणाम होतो, हे तपासायची वेळ आता आली आहे. ज्यांना एक किंवा दोन मुलीच आहेत अशा आईबापांची मोठी पिढी साठीकडे निघाली आहे.

मनाची अवस्था मोजतात कशी? भारतात 45 वर्षांपुढची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून 72 हजारांहून जास्त लोकांच्या घरी जाऊन 2017-18 मध्ये एक प्रचंड पाहणी सुरू झाली. तिचं नाव लासी, म्हणजे 'लाँगिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडिया'. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे तिची सूत्रं आहेत. त्यात मनाविषयी काही साधे प्रश्न आहेत: गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं, उदास वाटलं, कशाची तरी भीती वाटली, पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटली. उत्तरांना गुण देऊन नैराश्याची लक्षणं किती आहेत याचा अंदाज बांधतात. चीनमध्ये 2011 पासून अशीच देशव्यापी पाहणी चालू आहे.

मग मुलगेवाल्यांचे आणि मुलीवाल्यांचे गुण शेजारी शेजारी ठेवले की झालं, असं वाटेल. पण इथे मोठा सापळा आहे. आपल्याकडे पुष्कळ जोडपी मुलगा होईपर्यंत थांबतच नाहीत. दोन मुली झाल्या, तिसरीही मुलगीच, मग चौथ्या खेपेला मुलगा. साहजिकच जास्त मुली असलेली कुटुंबं मोठी असतात, बऱ्याचदा ओढगस्तीची असतात आणि त्यातल्या आईच्या शरीराने जास्त बाळंतपणं सोसलेली असतात. अशी आई पासष्टाव्या वर्षी खचलेली दिसली तर तो दोष मुलींचा कसा? तिच्यावर मुलगा होईपर्यंत बाळंतपणं लादणाऱ्या घराचा तो परिणाम आहे. 2017-18 च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने हा कल आकड्यांत पकडला. निसर्गतः दर 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात. पण पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या घरांत हे प्रमाण 100 मुलींमागे 182 मुलगे असं निघालं. पहिला मुलगा झाला की थांबायचं, मुलगी झाली की पुढे जायचं. म्हणूनच मुलींची संख्या मोजून काढलेला कुठलाही घाईचा निष्कर्ष मला पटत नाही.

संशोधक यावर एक चांगली युक्ती वापरतात. आज सत्तरी गाठलेल्यांची पहिली मुलं बहुतेक 1970 ते 1980 च्या काळातली. तेव्हा सोनोग्राफी गावोगावी पोहोचली नव्हती, त्यामुळे पहिलं अपत्य मुलगा की मुलगी हे जवळपास नाणेफेकीसारखं ठरत असे. पहिली मुलगी झालेली आणि पहिला मुलगा झालेली घरं बाकी बाबतींत सारखीच धरता येतात. नंतर त्यांच्या आयुष्यात जो फरक पडला, त्याची सुरुवात त्या एका जन्मापासून झाली असं मग खात्रीने म्हणता येतं.

आधार म्हणजे नेमकं काय, याची फोड केली की चित्र आणखी बदलतं. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ अँजेलिना ग्रिगोर्येवा यांनी वृद्ध आईवडिलांची देखभाल कोण करतं हे तपासलं. मुली महिन्याला सरासरी 12.3 तास देत होत्या, मुलगे 5.6 तास. बहीण असली की भाऊ आपला वाटा आणखी कमी करतात, असंही त्यांना दिसलं. पैशाच्या बाबतीत तरी मुलगे पुढे असतील? यू शिए आणि हाययान झू या संशोधकांनी 2009 मध्ये चीनच्या शहरांबद्दल लिहिलेल्या शोधनिबंधात लग्न झालेल्या मुलीच आईवडिलांना जास्त पैसे देताना आढळल्या.

आपल्याकडे वृद्ध बहुतेक करून मुलाकडे राहतात, म्हणून पाहणीत तो आधार मुलाच्या खात्यावर जमा होतो. प्रत्यक्षात पथ्याचं जेवण कोण करतं, औषधाची वेळ कोण पाळतं, अंथरुणाला खिळलेल्या सासूला अंघोळ कोण घालतं? बहुतेक घरांत सून. म्हणजे कुणाची तरी लेकच. तिचे स्वतःचे आईवडील मात्र तिच्या फोनची वाट बघत असतात, कारण लेकीकडे जाऊन राहणं बरं दिसत नाही असं त्यांच्याही मनात घट्ट बसलेलं असतं.

मनाला पोखरतो तो हा अपेक्षा आणि वास्तव यांमधला फरक. मुलगा आहे, तो सांभाळणारच असं गृहीत धरलं आणि तो दूरच्या शहरात गेला किंवा घरात असून बोलेनासा झाला, तर एकटेपणाला अपमानाची धार येते. ज्यांना मुलगा नाही त्यांना आयुष्यभर 'वंशाला दिवा नाही' असं ऐकवलं जातं. त्यातून आलेल्या न्यूनभावाचा आणि मुलीच्या मायेचा काहीही संबंध नसतो. मुलगा नसलेल्यांचं मन खचतं यामागे जैविक कारण शोधायची गरजच पडत नाही.

कायद्याने हा भेद केव्हाच मोडीत काढला. हिंदू कुटुंबांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्राने 1994 मध्ये तोवर लग्न न झालेल्या मुलींना समान वाटा दिला, देशाने 2005 मध्ये सगळ्याच मुलींना. लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना पोटगी देण्याची जबाबदारी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं स्पष्ट आहेत. तरीही हक्काचा वाटा घेणाऱ्या लेकीला नावं ठेवणारे आणि म्हातारपणी तिच्या दारात जायला संकोचणारे, अनेकदा एकाच घरातले असतात.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला जननदर, म्हणजे एका बाईमागे होणारी सरासरी मुलं, 1.7 निघाला. देशात ज्यांना दोन मुली आहेत, मुलगा नाही, अशा सुमारे 65 टक्के स्त्रियांनी आणखी मूल नको असं सांगितलं. ही जोडपी साठीला पोहोचतील तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांपाशी मुलाकडून काही मिळण्याची अपेक्षाच नसेल. लासीची रचना त्याच त्याच लोकांकडे काही वर्षांनी परत जाण्याची आहे. पुढच्या फेऱ्यांमध्ये अशी माणसं वाढत जातील. मुलीवर मोकळेपणाने विसंबणाऱ्या आईबापांचं मन खरंच हलकं राहतं का, हे तेव्हा पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर दिसू लागेल.