दोन हजार वर्षांपूर्वीची सेफ्टी पिन मातीतून निघाली तर ओळखायची कशी?

इंग्लंडमध्ये पीक निघालं, नांगरट झाली की शेतात हेडफोन लावून मेटल डिटेक्टर फिरवणारे लोक दिसतात. सोनं त्यांना क्वचितच मिळतं, पण एक गोष्ट पुन्हापुन्हा सापडते, बोटाएवढा हिरवट पडलेला वाकडा तुकडा, बघणाऱ्याला वाटेल कुठल्यातरी कडीकोयंड्याचा मोडका भाग असेल. तो बऱ्याचदा रोमन काळातला ब्रोच निघतो. ब्रोच म्हटलं की आपल्याला शोभेचा दागिना आठवतो, पण हा आधी कामाचा होता, काजं-बटणं लावायची पद्धत नव्हती तेव्हा अंगावर घेतलेलं जाड लोकरीचं कापड खांद्यावर टिकणार कसं? रोज पदराला पिन लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

रचनाही आपल्या सेफ्टी पिनसारखीच. वर कमानीसारखा दांडा, एका टोकाला स्प्रिंग, तिच्यातून निघालेली टाचणी आणि दुसऱ्या टोकाला ती अडकवायची खोबण. मातीतून निघतो तेव्हा टाचणी बहुतेक वेळा तुटलेली असते, म्हणून लोक पुढची नक्षी बघत बसतात. पण खरी ओळख मागच्या बाजूला असते, स्प्रिंग जिथे दांड्याला धरली आहे तिथे.

इसवी सन 43 मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं, त्याच्या आगेमागे तिथे एक ब्रोच खूप चालायचा, एसेक्समधल्या कोलचेस्टर गावावरून आज त्याला कोलचेस्टर ब्रोच म्हणतात. तो अख्खा एकाच तुकड्यातून ठोकून काढलेला, म्हणजे दांडा, स्प्रिंग, टाचणी सगळं सलग, कुठे जोड नाही. त्यानंतर त्याच घाटाचे जे ब्रोच आले त्यात स्प्रिंग वेगळी करून मागून बसवलेली, कधी भोकं पाडलेल्या पट्टीत, कधी छोट्या आकड्यात. दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ, पण असं का बदललं याचं उत्तर धातूत आहे आणि मला तरी यातला सगळ्यात भारी भाग हाच वाटतो.

सलग ब्रोच बहुतेक पितळेचे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते ठोकून लांबवता येतं आणि ठोकल्यावर त्याला ताठपणा येतो, स्प्रिंगला नेमकं तेच हवं. नंतरचे ब्रोच बहुतेक शिसं घातलेल्या ब्राँझचे, साच्यात ओतून केलेले. शिसं घातलं की रस साच्यात छान पसरतो, भराभर माल काढता येतो, पण शिसं तांब्यात विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब वेगळेच राहतात आणि असा धातू ठोकायला गेलं की तडकतो. मग त्यातून स्प्रिंग कशी काढणार? ती वेगळ्या धातूची करून जोडावीच लागते. म्हणजे मागचा तो एवढासा जोड बघून धातूचा अंदाज येतो आणि काळाचाही, जोड असलेले ब्रोच साधारण पहिल्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यातले.

खात्री करायला एक्स-रे फ्लुरोसन्स मशीन वापरतात. त्यात एक्स-रे पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक ऊर्जेचे किरण परत सोडतं, त्यावरून तांबं, जस्त, कथील, शिसं किती ते कळतं. फक्त हे मशीन वरवरचाच थर वाचतं, आणि मातीत पडून पितळेच्या पृष्ठभागातलं जस्त निघून गेलेलं असतं, त्यामुळे नुसत्या आकड्यावर विसंबून चालत नाही.

आणि कळकळीने सांगते, असं काही हातात आलं तर घासू नका! पितळेचं भांडं दिसलं की चिंच घ्यायची आपली सवय, पण तो हिरवा थर म्हणजे तांब्याचे क्षार, नक्षीच्या बारीक रेघा, मुलाम्याचे अंश सगळं त्याच थरात टिकलेलं असतं, आंबट लागलं की सगळं गेलं. सापडलेली जागाही तितकीच महत्त्वाची. ब्रिटिश म्युझियमच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये अशा 15 लाखांहून जास्त वस्तू जागेसकट नोंदल्या आहेत, त्यामुळे कुठल्या भागात कुठला ब्रोच चालायचा हे नकाशावर दिसतं.

आपल्याकडे डिटेक्टर घ्यायचा विचार असेल तर 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा लक्षात ठेवा, मातीत दडलेली 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आणि संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खोदायचंच नाही.

आता रोमन सैन्याबरोबर ब्रिटनमध्ये आलेला एक ब्रोच. त्यात स्प्रिंगच नाही, दाराला असते तशी बिजागरी, कमान चांगली उंच आणि पायाशी गोल बोंडी. असा मिळाला तर खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च अगदी तिरपा धरा आणि बिजागरीच्या वरची पट्टी बघा, काही ब्रोचवर तिथे सावलीतून बारीक अक्षरं उठून येतात, औकिस्सा, आणि याच नावावरून हा सगळा प्रकार ओळखला जातो.